निरोप समारंभाला काय घालायचं?

आम्ही चाकणच्या आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या बाया. आज जरा वेगळा विषय घेतलाय. दहावीच्या निरोप समारंभाला पोरांनी काय घालून जावं? ऐकायला विषय लहान वाटेल. पण त्याच्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या पुणे जिल्ह्याचा वाटा मोठा आहे.

विषय सुरू झाला गटाच्या बैठकीत. जानेवारी महिना होता. हप्ते गोळा झाले, मग अंतर्गत कर्जाच्या मागण्या वाचायला घेतल्या. एकीला कांद्याच्या खतासाठी पैसे हवे होते, एकीला सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी. तिसरी जरा थांबली आणि म्हणाली, "मला दोन हजार द्या. पोरीचं फेअरवेल आहे."

कर्जाच्या रजिस्टरात 'कारण' असा एक रकाना असतो, तुम्हाला माहीतच आहे. सचिव पेन धरून बसली. "शिक्षण लिहू का कपडे लिहू?" आम्ही सगळ्या हसलो. मग हिशेब मांडला आणि हसू थांबलं. मुलींनी साडी नेसून यायचं, मुलांनी ब्लेझर घालायचा, असं शाळेतून सांगितलेलं. आईची साडी नेसली तर बाकीच्या पोरी ओळखतात, म्हणून साडी भाड्याची. तिच्यावर शोभेल असा ब्लाउज शिवायचा. परकर, चप्पल, गजरा, पार्लर. कार्यक्रम दोन तासांचा, आणि त्यासाठी वीस हप्ते फेडायचे.

तिला कर्ज दिलं. मुलगी समारंभाला गेली. पण त्याच वर्गात दुसरी एक मुलगी होती. वडील कंपनीत कंत्राटी कामाला, कुटुंब बाहेरच्या जिल्ह्यातून आलेलं, एका खोलीत भाड्याने राहणारं. तिच्या आईने कुणाकडे काही मागितलं नाही. समारंभाच्या दिवशी पोरगी म्हणाली, पोट दुखतंय. ती घरीच राहिली. वर्गाचा फोटो निघाला, त्यात ती नाही. पाच वर्षं त्या शाळेत शिकली, आणि शेवटच्या फोटोत तिची जागाच नाही. शाळेचं नाव आम्ही घेत नाही, कारण ही गोष्ट एका शाळेची नाही. तुमच्याही गावात असं घडलं असेल.

तेव्हा आम्हाला वाटलं, ही रीत आली कुठून ते तरी पाहावं. गावातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पुस्तकं दिली, काही वाचून दाखवली. त्यातून जे समजलं ते आज सांगतो.

सुरुवात पुण्याच्या भिडे वाड्यापासून करावी लागते. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की रस्त्यात लोक त्यांच्या अंगावर शेण, चिखल फेकायचे. म्हणून त्या सोबत दुसरी साडी ठेवायच्या. शाळेत पोचल्यावर घाण झालेली बदलायची, शिकवायचं, आणि जाताना पुन्हा तीच मळकी नेसून निघायचं. आपण ही गोष्ट दर तीन जानेवारीला ऐकतो. पण या विषयाच्या अंगाने ती पुन्हा ऐकून पाहा. आपल्याकडे बाई शाळेच्या दारात उभी राहिली तेव्हापासूनच तिचा कपडा हा लोकांच्या रागाचा विषय होता. आणि तिने त्यावर तोड काढली ती अगदी साधी: पिशवीत आणखी एक साडी.

त्या काळी शाळांच्या परीक्षा चारचौघांत व्हायच्या. पाहुणे यायचे, लोक जमायचे, मुलींना प्रश्न विचारले जायचे. आजचा शाळेचा समारंभ म्हणतो, त्याचं ते जुनं रूप समजा. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तो निबंध. मेजर कँडी या साहेबाने कौतुकाने तिला खाऊ दिला, तेव्हा ती म्हणाली की आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या, असं सांगितलं जातं. आम्ही वाचलेल्या पुस्तकांत त्या दिवशी ती काय नेसली होती हे कुठेच नाही. ती काय बोलली ते मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवलं.

आता काळ्या झग्याकडे येऊ. हल्ली पिंपरी-चिंचवडच्या काय, चाकण-राजगुरुनगरच्या इंग्रजी शाळांतही बालवाडी संपली की पोरांना काळा गाऊन आणि वर चौकोनी टोपी घालतात. आपल्याकडे गाऊन म्हटलं की सकाळी अंगण झाडताना बाया घालतात तो आठवतो. हा वेगळा. पाचसहाशे वर्षांपूर्वी आणि त्याही आधी इंग्लंडातल्या ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या ठिकाणी शिकणारे बहुतेक जण चर्चशी बांधलेले असत. दगडी इमारती, कडाक्याची थंडी. म्हणून पाद्र्यांसारखा लांब लोकरी झगा. थंडीचा तो कपडा पुढे मानाचा झाला.

इंग्रजांनी १८५७ साली मुंबई विद्यापीठ काढलं, आणि आपल्याकडे पदवीबरोबर झग्याची रीतही आली. १८६२ साली या विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या पहिल्या तुकडीत बाई एकही नव्हती.

बाईला हा झगा मिळायला किती वेळ लागला, त्याची एक गोष्ट आहे. कॉर्नेलिया सोराबजी या नाशिकला जन्मलेल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. वर्गातली मुलं त्यांच्या तोंडावर दार लावून घ्यायची, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. पुढे त्या ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेल्या. तिथे त्या साडी नेसूनच वावरत. १८९२ साली त्यांनी परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना शिकू द्यायचं, परीक्षा देऊ द्यायचं आणि पदवी मात्र द्यायचं नाही. १९२० साली नियम बदलला. सोराबजींच्या हातात पदवी पडली १९२२ साली. तीस वर्षं! परीक्षा दिलेली बाई पदवीच्या झग्यावाचून तीस वर्षं राहिली.

म्हणून आम्ही त्या काळ्या गाऊनला हसत नाही. ज्या घरात कुणी दहावीपुढे गेलं नाही, त्या घरातली पोरगी गाऊन घालून फोटोला उभी राहिली की आईच्या डोळ्यांत पाणी येतं. ते पाणी खरं आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेब आंबेडकरांना मानाची पदवी दिली, तेव्हाचा झग्यातला त्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. ज्यांना लहानपणी शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागलं, त्यांच्या अंगावरचा तो झगा होता. त्याचं मोल वेगळं आहे. प्रश्न झग्याचा नाही. तो कुणाला मिळतो आणि कुणाला परवडत नाही, हा आहे.

आता साडीची बाजू. आनंदीबाई जोशी आपल्याला ठाऊक आहेत. कल्याणच्या. १८८३ साली, अठरा वर्षांच्या असताना, डॉक्टरकी शिकायला बोटीने अमेरिकेला निघाल्या. निघण्याआधी बंगालमध्ये सेरामपूरला त्यांनी जाहीर भाषण केलं आणि सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. म्हणजे धर्म, खाणं, पेहराव सोडणार नाही. पण तिथे गेल्यावर खरी अडचण कळली. नऊवारी नेसलं की पोटऱ्या उघड्या राहतात. तिथल्या थंडीला ते चालेना, तिथल्या रीतीलाही चालेना. मग त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला घेतली. साडी ठेवली, नेसण बदललं.

१८८५ च्या ऑक्टोबरातला त्यांच्या कॉलेजातला एक फोटो आहे. तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी. आनंदीबाई साडीत, जपानच्या केई ओकामी त्यांच्या किमोनोत, आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली त्यांच्या देशाच्या पोशाखात. तिघी आपापल्या देशांतून डॉक्टर व्हायला आलेल्या. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाई पुण्यात वारल्या. वय बावीस पण पुरं नव्हतं. आता या गोष्टीतली साडी आणि आपल्या पोरींना फेअरवेलला नेसायला सांगतात ती साडी, दोन्ही साड्याच. पण आनंदीबाईंनी ती स्वतः ठरवून नेसली, सोयीने बदलली. आपल्या पोरींना कुणी विचारलं का?

आता १८८८ सालचा प्रसंग. इंग्लंडच्या राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, पुण्यात होता. हरी रावजी चिपळूणकरांनी त्याच्यासाठी मेजवानी ठेवली. पुण्यातली बडी मंडळी जरीच्या कपड्यांत, दागिन्यांत आली. जोतिराव फुले आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात. दारावरचा माणूस आत सोडायला कचरला. आत गेल्यावर जोतिरावांनी राजपुत्राला सांगितलं की इथे बसलेले लोक म्हणजे हिंदुस्थान समजू नका. खरा देश खेड्यात आहे, त्याला शिक्षण नाही, हे तुमच्या आईला जाऊन सांगा. जोतिरावांकडे धड कपडे नव्हते अशातला भाग नाही. ते मोठे कंत्राटदार होते. त्यांनी जाणून तो कपडा घातला. समारंभाला कोण आलं नाही, हे त्यांना आपल्या अंगावरच्या कपड्याने दाखवायचं होतं.

आणि एक गोष्ट महाडची. १९२७ च्या डिसेंबरातली परिषद. तिथे बाबासाहेब बायांशी वेगळे बोलले. तेव्हा कोण कुठल्या जातीची हे लुगड्याच्या नेसणीवरून आणि अंगावरच्या जड गिलटाच्या, चांदीच्या दागिन्यांवरून लांबून ओळखू यायचं. बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की ही ओळख टाकून द्या, घोट्यापर्यंत लुगडं नेसा, कपडा जुना असला तरी चालेल पण स्वच्छ ठेवा, आणि मुलींना शिकवा. बायांनी तिथल्या तिथे नेसण बदलायला सुरुवात केली. विचार करा, दोन वाक्यं जवळजवळ आहेत: लुगडं नीट नेसा आणि मुलींना शिकवा. कपड्यावरून माणूस हलका ठरवायचं बंद झालं तरच शाळेचं दार खऱ्या अर्थाने उघडतं, हे त्यांना माहीत होतं.

शाळेचा गणवेश आला तो याच विचारातून. गरीब-श्रीमंत वर्गात दिसू नये. आमच्यातल्या सत्तरीच्या आजी सांगतात, त्यांच्या वेळी मुलींना परकर-पोलकं आणि मुलांना खाकी चड्डी, पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. सातवीची फायनल झाली की बहुतेक मुलींची शाळा संपायची. निरोप म्हणजे गुरुजींच्या पाया पडायचं आणि पेढा खायचा. पुढे गावोगाव हायस्कुलं आली, अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली. वर्गाचा फोटो काढायची रीत पडली. फोटो आला तशी फोटोत कसं दिसायचं ही काळजीही आली. तरी बरीच वर्षं तो फोटो गणवेशातच निघायचा. आमच्या घरांतल्या भिंतींवरचे जुने फोटो पाहिले, तर सगळ्या पोरी दोन वेण्या आणि लाल रिबिनीत.

मग हे बदललं कधी? आमच्या पट्ट्यात त्याचं उत्तर कारखान्यांजवळ सापडतं. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं बघता बघता शहर झाली. १९८२ साली तिथे महानगरपालिका आली. मग कारखाने नाशिक रस्त्याने पुढे सरकत चाकणला आले. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आजूबाजूला आणखी कितीतरी. कांद्या-बटाट्याच्या बाजाराचं चाकण आता गाड्यांचं चाकण झालं.

याने गावात दोन गोष्टी झाल्या. कुणाच्या जमिनीला भाव आला, बंगला झाला, दारात चारचाकी आली. आणि मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून माणसं कामाला आली, चाळीतल्या खोल्यांत राहू लागली. दोघांची मुलं एकाच वर्गात, एकाच बाकावर. गणवेशात ती सारखी दिसतात. वर्षातून एक दिवस गणवेश काढायला सांगितला, की कोण बंगल्यातलं आणि कोण खोलीतलं हे दारातच कळतं. आपल्या घरच्या माणसांना हा अनुभव नवा नाही. कंपनीच्या ड्रेसच्या रंगावरून कायम कोण आणि कंत्राटी कोण हे गेटवरच कळावं, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. बापाला जे रोज गेटवर सोसावं लागतं, ते पोरीला शाळेच्या दारात कशाला?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सरकारकडून मोफत गणवेश मिळतो तो सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत, आणि तोही आठवीपर्यंतच. समग्र शिक्षा योजनेत वर्षाला दोन गणवेशांसाठी मुलामागे ६०० रुपये धरलेले आहेत. नववी-दहावीला ते नाही. म्हणजे निरोप समारंभाची वेळ येते तेव्हा गरीब घरातल्या मुलीच्या अंगावरचा गणवेशसुद्धा आखूड झालेला, विटलेला असतो. 'गणवेशात या' म्हटलं की प्रश्न मिटला, असंही नाही.

मोठ्या विद्यापीठांतही हा वाद चाललेलाच आहे. रवींद्रनाथ टागोरांनी काढलेल्या शांतिनिकेतनात झगा नाही. तिथे पदवीबरोबर सप्तपर्णीची पानं द्यायची रीत पडली. सप्तपर्णी म्हणजे आपला सातवीण. गांधीजींनी १९२० साली काढलेल्या गुजरात विद्यापीठात खादी. २०१० साली जयराम रमेश हे केंद्रीय मंत्री भोपाळच्या एका पदवीदान समारंभात बोलताना अंगावरचा झगा काढून मोकळे झाले. ही गुलामीची खूण आहे, असं त्यांचं म्हणणं. २०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना हातमागाच्या कापडाचे पोशाख वापरायला सांगितलं.

त्याच वर्षी जानेवारीत आपल्या पुणे विद्यापीठात काय झालं ते आठवत असेल. २०१४ पासून या विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. तिथे पदवीप्रदान समारंभात झग्याऐवजी कुर्ता-पायजमा आणि पुणेरी पगडी आणली. विद्यार्थी संघटना म्हणाल्या, फुल्यांच्या नावाच्या विद्यापीठात फुले पगडी का नाही? आंदोलन झालं. म्हणजे झगा गेला तरी भांडण गेलं नाही. कारण पगडी म्हटलं की कुणाची पगडी हा प्रश्न येतोच. आमच्या मनात मात्र वेगळंच आलं. विद्यापीठ सावित्रीबाईंच्या नावाचं, आणि वादातल्या दोन्ही पगड्या पुरुषांच्या डोक्यावरच्या. बाईंच्या पिशवीतली ती दुसरी साडी आठवली असती तर विचारलं असतं, की आज कुणाला दुसऱ्या साडीची गरज आहे?

शेवटची गोष्ट तर आपल्या हातातून गेलेली आहे. राज्याने 'एक राज्य एक गणवेश' आणला, आणि २०२४-२५ साली तो शिवायचं काम माविममार्फत बचत गटांच्या बायांना दिलं. गटांना काम मिळणार म्हणून आपण खूश होतो. पण कापड वेळेवर आलं नाही, शाळा सुरू होऊन महिने गेले तरी कितीतरी मुलांना गणवेश नव्हता. कुठे बाही लांब, कुठे चड्डी आखूड अशा तक्रारी झाल्या. शेवटी २०२४ च्या डिसेंबरात सरकारने ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. शिवणाऱ्या बायांना नावं ठेवणं सोपं आहे. पण जिने आयुष्यात एक झबलं शिवलंय तिलाही कळतं, की माप घेतल्याशिवाय कपडा बसत नाही. समोरच्या पोराचं माप समोर उभं राहूनच घ्यावं लागतं.

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही गटात एकच गोष्ट ठरवली. समारंभाचा कपडा ठरवताना वर्गातल्या सगळ्यात अडचणीतल्या मुलीचं माप घ्यायचं. ती कर्ज न काढता, उसनं न मागता, पोटदुखीचं निमित्त न करता जे घालून येऊ शकेल, तोच त्या वर्गाचा समारंभाचा कपडा.

दिवाळीनंतर आम्ही चौघी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंना भेटलो. भांडायला गेलो नव्हतो. बाईंनीही ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "साडीची मागणी मुलींचीच असते हो." तेही खरं होतं. सोळाव्या वर्षी नटावंसं वाटतं, त्यात वाईट काय? म्हणून पालक सभा घेतली आणि मुला-मुलींनाही बोलावलं. एक मुलगी उठून म्हणाली, "साडी नेसून मला नीट बसता येत नाही, मग नाटकात काम कसं करू?" दुसरी म्हणाली, "पण गणवेशात रोजच्यासारखंच वाटतं, वेगळं काहीच नाही." दोघींचंही बरोबर होतं. एका मुलाने हळूच सांगितलं की ब्लेझरचं भाडं त्याने घरी सांगितलंच नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. सगळ्यांनी गणवेशात यायचं, धुतलेल्या, इस्त्री केलेल्या. ज्यांचा आखूड झालाय त्यांची यादी वर्गशिक्षिकांनी गुपचूप द्यायची, आणि गटातल्या शिवण येणाऱ्या बायांनी दुमड उसवून, पट्टी जोडून तो नीट करायचा. आणि त्या दिवसाचं वेगळेपण म्हणून प्रत्येकाला गळ्यात एक सुती उपरणं, मुला-मुलींना एकच. पिंपरी कॅम्पातून निळ्या काठाचं कापड ताग्यातून फाडून आणलं. पन्हा मधोमध कापला की दोन मीटरमध्ये दोन उपरणी होतात. बासष्ट मुलांना बासष्ट मीटर लागलं. कडा आम्ही मशीनवर दुमडल्या. ओढणी घेणाऱ्या मुलीला, डोक्यावर हिजाब असलेल्या मुलीला, पटका बांधणाऱ्या मुलाला, कुणालाच ते अडचणीचं झालं नाही. समारंभ झाल्यावर उपरणी धुऊन शाळेच्या कपाटात ठेवली. पुढच्या वर्षी पुन्हा तीच.

ज्या मुलींना साडी नेसायची हौस होती त्यांनी घरी आईची साडी नेसून फोटो काढले. त्याला कुणाची ना नव्हती. शाळेच्या दारात मात्र सगळ्या एकसारख्या.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात हेच करा असं आम्ही म्हणत नाही. तुमच्या शाळेत झगा असेल, फेटा असेल, साडी असेल. पण पुढच्या बैठकीत एवढं बोलून पाहा. मागच्या वर्षी तुमच्या गावातून निरोप समारंभाला कोण गेलं नाही? त्याचं कारण कपडा होतं का? समारंभाची सूचना महिनाभर आधी मिळते का? 'ऐच्छिक' म्हणतात ते खरंच ऐच्छिक असतं का? आणि ठरवताना मुलींना विचारलं जातं का? उत्तरं रजिस्टरात लिहून ठेवा, कर्जाच्या कारणांच्या रकान्याशेजारीच.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. ती आता अकरावीला आहे. यंदा तिचा धाकटा भाऊ दहावीत होता. समारंभाच्या आदल्या दिवशी ती आपणहून आमच्याकडे उपरण्यांना इस्त्री करायला आली. तिचा स्वतःचा फोटो काही आता निघायचा नाही. भावाच्या वर्गाचा फोटो मात्र तिच्या आईने भिंतीवर लावलाय. दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथा.